नळीतलं बिनरंगी पाणी

सिॲटलकडे जाणाऱ्या रस्त्यावर वेंडेल हॉगनचं मोटेल आहे. त्यामागचा पोहण्याचा तलाव दर ऑक्टोबरात रिकामा होतो. ते पाणी पावसाळी गटारात सोडायचं तर ओढ्यांवर देखरेख करणाऱ्या आमच्या कचेरीची परवानगी लागते, कारण त्यातलं पाणी कुठेही शुद्ध केलं जात नाही. सातशे मीटरवर थेट ओढ्यात पडतं. क्लोरीन जवळजवळ शून्य असेल तरच मी सही करते.

नमुन्याच्या नळीत चाचणीची पूड टाकून मी मिनिटभर थांबले. क्लोरीन असलं की पाणी गुलाबी होतं. नळी स्वच्छ दिसत होती.

"पाहिलंस कोरीन? एकदम चकाचक," वेंडेल म्हणाला. "तुझ्या माशांना आणखी काय देऊ? लिंबू? बर्फ?"

"तुम्ही जरा गप्प बसलात तरी त्यांना चालेल," मी म्हटलं आणि सही केली. त्याने पंप सुरू केला.

त्या आठवड्यात ओढ्यात सॅमन माशांची एक जोडी आली होती, नऊ वर्षांनी पहिल्यांदा. टपालखात्यातून निवृत्त झालेली आयनेझ रोज गटाराच्या तोंडाजवळ खुर्ची टाकून त्यांना बघत बसायची. मादी शेपटीने खड्यांत अंड्यांसाठी खळगा करत होती. अंडी अजून घातली नव्हती.

मी सामान आवरत होते. वेंडेलची बडबड चालूच होती. "यंदा औषध जरा जास्तच मारलं. शनिवारी एका पोराने पाण्यातच कार्यक्रम उरकला ना! मग काय, चार बादल्या ओतल्या."

"कधी?"

"परवा. पण उडून गेलं सगळं. तूच बघितलंस की."

मी बघितलं होतं. पूड पडताक्षणी नळीत काहीतरी गुलाबी चमकून गेलं होतं, तेही बघितलं होतं. मोटेलच्या लाल पाटीचा उजेड असेल, असं मी धरून चालले. क्लोरीन फारच जास्त असलं की ते तो रंगच खाऊन टाकतं आणि नळी निर्मळ दिसते. नव्या माणसांना हे मीच शिकवते.

"पंप बंद करा."

"अगं, आत्ता तर—"

"वेंडेल, बंद करा!"

नमुन्याच्या एका भागात एकोणीस भाग शुद्ध पाणी घालून मी परत पूड टाकली. नळी गुलाबी झाली आणि तशीच राहिली.

पंप अकरा मिनिटं चालला होता आणि चाचणीत आणखी दोन गेली होती. त्या गटारात पाणी सेकंदाला साधारण अर्धा मीटर जातं, म्हणजे ओढ्यापर्यंत तेवीस मिनिटं. हातात दहा मिनिटं होती.

मी गाडीकडे धावले. वेंडेल न विचारता शेजारी चढून बसला. ओढ्याआधीचं गटाराचं शेवटचं झाकण धुलाईच्या दुकानामागे आहे. आकडा लावून त्याने ते ओढलं, कण्हला, पण सोडलं नाही. मी पालथी पडून लांब काठीने हवेने फुगणारं रबरी बूच ओढ्याकडे जाणाऱ्या नळाच्या तोंडात सरकवलं. "हवा भरा!"

तो हातपंप मारू लागला. मी आयनेझला फोन लावून जमिनीवर ठेवला.

"काय दिसतंय?"

"रोजचंच. नर जरा लांब आहे. झालंय काय, कोरीन?"

"नजर हलवू नकोस."

आधी वास आला, मग पाणी. ते बुचावर आदळून वर चढू लागलं. डाव्या बाजूने करंगळीएवढी धार बुचाच्या पलीकडे निसटत होती. क्लोरीन मारायला आम्ही क जीवनसत्त्वाची पूड बाळगतो. दोन पिशव्या फाडून मी त्या पाण्यात रित्या केल्या आणि काठीने ढवळू लागले.

"नर खाली पळाला!" फोनमधून आयनेझ ओरडली.

"आणि मादी?"

वेंडेलचे हात थांबले.

"थांबू नका," मी म्हटलं. तो परत हवा मारू लागला. धार बारीक झाली, मग तुटली.

"आयनेझ, मादी कुठाय?"

"दिसत नव्हती गं, पाणी गढूळ झालं होतं." तिला धाप लागली होती. "तिनेच केलंय गढूळ. खणतेय अजून."