पूजेचं मशीन

“आता फक्त एक बटन, देवमनभाऊ, अना मशीन तुमचं नव्या नवरीवाणी,” असं म्हणत मुजम्मिलने बटन दाबलं. निळ्या पडद्यावरची वरची ओळ रिकामी झाली. देवमनने कौतुकाने मान डोलावली आणि चहाची बशी पुढे सरकवली.

परतवाड्यात देवमनचा फोटो स्टुडिओ होता आणि मुजम्मिल गावातल्या यच्चयावत कॉम्प्युटरांचा डॉक्टर. शाळेत, पतसंस्थेत, लाकडाच्या वखारीत, सगळीकडे त्याला चहा मिळे आणि सगळीकडे तो गरजेपेक्षा थोडं जास्तच बोले. देवमनच्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्डडिस्क होत्या. एकीवर सिस्टीम, दुसरीवर गिऱ्हाइकांचे फोटो. ही दुसरी मुजम्मिलनेच आणून बसवली होती, पहिलीच्याच कंपनीची, तेवढीच मोठी. “जोडी शोभली पायजे,” असं त्याचं म्हणणं. जुनी सिस्टीम रखडायला लागली तशी नवी टाकायचं ठरलं, आणि देवमनने मुहूर्त धरला तो दसऱ्याचा.

नवी सिस्टीम टाकायची म्हणजे पहिली डिस्क पुसावी लागते. अशा वेळी दुसरीची केबल आधी काढून ठेवायची, हा मुजम्मिलचा नेम. मग चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. त्या दिवशीही तो स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली वाकला होता. पण सकाळीच मशीनची पूजा झाली होती. कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदकुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा भरगच्च हार, वर आपट्याचं पान. मुजम्मिलचा हात थबकला. दुसऱ्याच्या सणाचं, दुसऱ्याच्या देवाचं आपण कसं विस्कटायचं? देवमनला विचारायलाही त्याला ओशाळं वाटलं. तो तसाच उठला, आणि पडद्यावरच्या दोन सारख्याच ओळींपैकी वरची म्हणजे पहिली डिस्क असं धरून कामाला लागला. दुसरी डिस्क बसवताना जोडणी आपणच उलटी केली होती, हे त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

नवी सिस्टीम झोकात सुरू झाली. मुजम्मिलने फोटोंची समजून दुसरी डिस्क उघडली. तिच्यावर जुनी सिस्टीम जशीच्या तशी बसलेली होती. फोटो कुठेच नव्हते; पुसली गेली होती ती फोटोंचीच डिस्क.

“काय झालं? काहून चूप झाला?” देवमनने विचारलं.

मुजम्मिलने पडद्यावरची खिडकी बंद केली. “फोटोची डिस्क मेली, भाऊ. उमर झाली होती तिची.”

देवमनने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “तू काय करशीन त्याले? मशीनच थे.” आणि दसऱ्याचा दिवस म्हणून पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात दिला. “पोराईले दे घरी.”

तो पुडा मुजम्मिलने घरी नेला खरा, पण त्यातला एक पेढाही त्याने स्वतः खाल्ला नाही.

त्या डिस्कवर आजूबाजूच्या खेड्यांमधली लग्नं होती. कापूस घरात आला की अल्बम नेऊ, असं सांगून लोक जात. गेल्या काही वर्षांत कापूस येई, पण पैसा उरत नसे; अल्बम न्यायला कोणी येत नसे, आणि देवमन कुणाला टोकत नसे. फोटो मशीनमध्ये राहत. दुसरंच एक काम मात्र वाढलं होतं. लग्नाच्या फोटोतून शेजारची नवरी कापायची, एकटा नवरदेव मोठा करायचा आणि हार घालायला फ्रेम करून द्यायचा. काय झालं, हे देवमन विचारत नसे.

दिवाळीच्या तोंडावर जवळच्या खेड्यातली माणिकबाई आली. मुजम्मिल तेव्हा तिथेच होता. म्हातारी जीपमधून उतरून थेट काउंटरशी येऊन उभी राहिली.

“माह्या पोराचा, पुंजारामाचा फोटू पायजे, भाऊ. तेरवीले. लग्नातला तुमच्या मशीनीत आहे म्हणे. घरी तं एकबी नाई.”

देवमनने मान खाली घातली. “मशीन मेली, माय. कोणाचा दोष नाई त्यात.”

“मी आणतो,” मुजम्मिल एकदम बोलून गेला. “तेरवीच्या आंधी आणतो.”

दोन्ही हातांनी हार उतरवून त्याने ती डिस्क काढली, हार होता तसा परत घातला आणि डिस्क रुमालात गुंडाळून तो एस. टी.ने अकोल्याला गेला. जठारपेठेत पुसलेल्या डिस्कवरचं काढून देणारा एक जण होता. त्याने तपासून कपाळाला हात लावला.

“अबे, फोटोवर नवी सिस्टीम लिहिली गेली. कोणं पुसली?”

“गिऱ्हाइकानं,” मुजम्मिल म्हणाला.

“हात तुटले असते त्याचे तं बरं झालं असतं.”

मुजम्मिलने मान हलवली. त्याला ते पटलं होतं.

निघाले ते बहुतेक अर्धेमुर्धे फोटो. तेरवीच्या आदल्या दिवशी माणिकबाई आली तेव्हा देवमनने त्यातून पुंजाराम शोधून काढला. मांडवाचं कापड, बाशिंग, कपाळ, डोळे. नाकाखाली सगळा राखाडी पट्टा.

“खालचं कधी येईन?” माणिकबाईने विचारलं.

“नाई येनार, माय,” मुजम्मिलने सांगितलं.

“मशीनच मेली, त्याले...” देवमन समजावायला लागला.

“मशीन नाई मेली,” मुजम्मिल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “म्या पुसली. माह्या हातानं. डबा उघडून केबल काढाले पायजे होती. त्याच्यावर हार होता, पूजेचं म्हणून म्या उघडला नाई.”

देवमनचा हात माउसवरून खाली आला. “मंग तवाच काहून नाई सांगतलं?”

“भेव लागला. अना मंग तुमी पेढे देल्ले.”

माणिकबाईने हे ऐकलं की नाही कोण जाणे. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. तिने काचेवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

“डोये त्याचेच आहेत. हाच काढून द्या.”

“पन माय, खाली तं काईच...”

“हार दाट करीन म्या,” ती म्हणाली. “झाकून जाईन थे.”

देवमनने फोटो मोठा करून काढला आणि फ्रेममध्ये बसवला. माणिकबाईने तो पदरात गुंडाळला. जाताना तिने दोघांना सारखाच रामराम केला. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मुजम्मिलला वाटलं.

जीप गेली. देवमन उठला. तो टेबलाखाली वाकला. दसऱ्याचा हार वाळून डब्यावर तसाच होता. त्याने तो एका हाताने उचलला आणि बाजूला ठेवला. त्याला तेवढाच वेळ लागला.