डिटमारचा स्पर्श आणि कबीरचा हात

शनिवार, १७ मे २०२५, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. जर्मनीतल्या आखन शहरातील अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाभोवती तीनशे बारा माणसे उभी होती आणि सारी एका हाताकडे पाहत होती. हात प्रशिक्षक डिटमारचा. हृषीकेशात तीन आठवडे काढून आलेल्या या गृहस्थाने गळ्यात रुद्राक्ष घातला होता. त्याने क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून सारा डाव चालवणाऱ्या कबीरच्या हेल्मेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि विजय आता वरून खाली उतरला असल्याचे जाहीर केले. यंत्रशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या मराठी मुलांनी तिथल्या तिथे हात जोडले. संघ जिंकला.

कुसुमबाईंना हसूही येईना. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्यांनी एकतीस वर्षे कारखान्यात सुट्या भागांची तपासणी केली होती. मुलाकडे त्या आल्या होत्या त्याच्या शस्त्रक्रियेसाठी. मल्हार हा संघाचा राखीव क्वार्टरबॅक. उजव्या खांद्याचा स्नायू फाटलेला. रुग्णालयाचा तीन जूनचा टेरमीन, म्हणजे शस्त्रक्रियेची ठरलेली वेळ, महत्प्रयासाने मिळालेला. पण कबीर जुलैत नोकरीसाठी म्युनिकला निघाला होता आणि डिटमारने मल्हारला पटवले होते की सुरी कशाला, स्पर्शाने खांदाही जुळेल आणि कबीरची जागाही मिळेल. टेरमीन रद्द करणारी मेल लिहून तयार होती.

"स्पर्श झालेल्या अकरा सामन्यांपैकी दहा जिंकलो, आई. झाला नाही त्या सहांपैकी एकच. आता बोल."

"त्या अकरांत कबीर किती खेळला?"

"अकराही."

"आणि सहांत?"

मल्हारने नोंदी चाळल्या. एकातही नाही. तरी त्याचे म्हणणे असे, की कबीर नसला की सर ऊर्जा वाया घालवत नाहीत.

"शहाणाच आहे तुझा सर. हरायच्या दिवशी हात खिशात," कुसुमबाई म्हणाल्या. "अरे, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा ते कसं कळणार? एक हलवायची, दुसरी जागेवर ठेवायची."

कबीर कोलोनमध्ये वाढलेला. मराठी कळे, उत्तर जर्मनमध्ये देई. बाईंचा बेत ऐकून तो एवढेच म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

३१ मे रोजी त्याने बस चुकल्याचे कळवले आणि कपडे बदलण्याच्या खोलीमागे जाऊन बसला. डिटमारने निरोप वाचला, तळवा खिशात घातला आणि सांगितले की आज ऊर्जा बंद आहे, पराभव नम्रपणे स्वीकारावा. सामना सुरू होताच कबीर स्पर्शाविना मैदानात उतरला. संघ चौतीस–सात असा जिंकला.

डिटमार डगमगला नाही. आपण दुरून स्पर्श केला होता, असे त्याने सांगितले. भक्तांनी माना डोलावल्या.

"मल्हार, विचार त्यांना," कुसुमबाई म्हणाल्या. "दुरून केला होतात, तर आम्हाला पराभव स्वीकारायला का सांगत होतात?"

प्रश्न जर्मनमध्ये मल्हारलाच सांगावा लागला. अर्ध्यावर तो अडखळला, मग पुरा केला. डिटमार घड्याळ पाहू लागला, तेव्हा मल्हारने तोच प्रश्न पुन्हा, या वेळी कोणी न सांगता, विचारला. मग त्याने फोन काढला आणि टेरमीन रद्द करणारी मेल खोडून टाकली.

एका सामन्याने सिद्धान्त ठरत नाही, हे बाई जाणून होत्या. पण बढाई मोडायला तो पुरतो. चांगला प्रशिक्षक चांगल्या खेळाडूला धार लावतो, यात शंका नाही. डिटमारचे डावपेचही वाईट नव्हते. मात्र दुसऱ्याच्या दंडातले बळ जो आपल्या तळव्याच्या नावावर खपवतो, त्याला नमस्कार करण्याआधी विचारावे: चमत्कार कोणत्या दिवशी करायचे टाळलेत? आणि पदवी घेतलेल्याने तर हे विचारलेच पाहिजे.

तीन जूनला शस्त्रक्रिया झाली. मल्हारचा उजवा हात आज एकशे सत्तर अंशांपर्यंत वर जातो.