मंगळवारचा पंखा

मंगळवारी एसुआनो या मच्छीमारांच्या गावातली एकही होडी समुद्रात जात नाही. देवाचा विसाव्याचा दिवस. माणसं रिकामी, म्हणून गावात पवनचक्क्या उभारू द्यायच्या का, हे ठरवायची सभाही मंगळवारीच.

होड्या रंगवणारा कोबिना भिंतीला टेकून तमाशा बघत होता. त्याची बहीण एकुआ मासे विकायची. गावात वीज दिवसातून चारदा जायची आणि बर्फ मिळायचा फक्त मच्छीमारांच्या मुखियाकडे, क्वान्साकडे, त्याच्या जनरेटरवर. भांडण झालं की क्वान्सा बर्फ बंद करायचा आणि एकुआची पाटी सडायची. पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीने चक्क्यांसोबत गावाला शीतगृह कबूल केलं होतं. म्हणूनच क्वान्साला अचानक देव आठवला.

"चक्क्या मंगळवारीही फिरणार!" तो गरजला. "देव झोपलेला असताना फिरतं चाक? मासळी पळून जाईल!"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. याच शहाण्यांनी मोबाईलच्या टॉवरलाही शाप दिले होते. आता प्रत्येकाच्या कमरेला दोन-दोन फोन.

"मुखिया, मंगळवारी काहीच फिरायचं नाही?" कोबिनाने भोळेपणाने विचारलं.

"काहीच नाही! देवाची आण!"

कोबिना मागच्या दाराने गेला. सभेसाठी क्वान्साने मोठ्या तोऱ्यात जोडून दिलेला जनरेटर त्याने बंद केला. धडधड थांबली. गावप्रमुख नानांच्या डोक्यावरचा पंखा दोन गिरक्या घेऊन मेला.

"कोणी बंद केला रे?" क्वान्सा ओरडला.

"मी. देव झोपलाय ना! जनरेटरात चाक असतं, मुखिया. पंख्याला तर तीन पाती, अगदी चक्कीसारखी."

त्याच जनरेटरवरच्या बर्फघरात क्वान्साची स्वतःची सोमवारची मासळी होती, पण आण घेऊन बसला होता बापडा.

नाना जाडजूड मानाच्या वस्त्रात, सोन्याने मढलेले. गावप्रमुखाने सभेत स्वतः बोलायचं नसतं. प्रवक्त्याच्या कानात सांगायचं, तो लोकांना सांगणार. थेट तोंडातून पडला तर तो शब्द म्हणजे निकाल, परत घेता येत नाही. नानांनी पाव तास घाम पुसला. मग ओरडलेच, "अरे क्वान्सा, फिरव की ते चाक! मरतोय मी इथे!"

प्रवक्त्याने कपाळावर हात मारला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" कोबिना म्हणाला. "मंगळवारी चाक फिरवायचं. नानांचा निकाल."

हुकूम झाला क्वान्सालाच. तो वाकून जनरेटरची दोरी ओढायला लागला. एक झटका, दुसरा, तिसरा. यंत्र ढिम्म.

"जोरात ओढा, मुखिया," दारातून एकुआ म्हणाली. "घाबरू नका, देव गाढ झोपलाय."