माझ्या अंगावरची पुसलेली रेघ

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेरगावच्या सदू गवंड्याने घड्याळ बघितलं, तंबाखू थुंकली आणि माझ्या अंगावर तारेचा ब्रश फिरवला. तेव्हापासून मी भ्यालेली आहे.

मी कापडे गावाजवळच्या नदीकाठची धोंड बोलतेय. माझा जन्म कधीचा, मलाही ठाऊक नाही. पोरं माझ्यावरून डोहात उड्या टाकायची, बायका माझ्यावर गोधड्या आपटायच्या. दोन हजार एकवीस सालच्या पुरात मात्र मी जवळजवळ बुडाले. पाणी ओसरल्यावर गावातली गोदूबाई आली. तिने चिखल पुसला आणि पाणी जिथवर चढलं तिथे गेरूची रेघ ओढली. दर वर्षी पावसाआधी येऊन ती रेघ गिरवायची. ओरडायची, "हिच्या खाली गुरं बांधू नका रे!"

मग ती महाडला लेकीकडे गेली, आणि इथे मुंबईच्या कुणाचं सुट्टीचं घर आलं.

घराचा नकाशा काढणारी प्रियदर्शिनी मनाची चांगली. एक झाड तोडलं नाही, एक कातळ फोडला नाही. भिंती मातीच्या, छपराला बांबू. मलासुद्धा तिने घरात घेतलं, निजायच्या खोलीची एक भिंत म्हणून. रेघ बघून तिने विचारलं, "सदूभाऊ, देव आहे का हा?"

"नाय वो मॅडम. देव असता तर शेंदूर नसता लावला?"

"मग पुसा. दगड मूळचाच छान दिसतो."

मी देव असते तर वाचले असते! रेघ कशाची, हे कुणीच विचारलं नाही.

आता घर सांभाळायला पूजा राहते. नवरा प्रवीण एमआयडीसीत पाळीला जातो. दोघं वर डोंगरातल्या उमरठ गावची, त्यांना या नदीची सवय नाही. परवा तिने सात महिन्यांच्या सेजलचा पाळणा मला लागूनच टांगला.

"अहो, पाणी इथवर येत असंल काय?"

"येडी काय गो? मॅडम एवढी शिकलेली, तिने इचार केलाच असंल."

पूजा हसली. पण तिने हात वर करून माझ्यावर टेकवला, नेमका रेघेच्या जागी. पाळणा त्या जागेच्या हातभर खाली झुलत होता.

मृग चार दिवसांवर आलाय. मला हाक मारता येत नाही. वाचणाऱ्यांनो, महाडला कुणी गेलात तर गोदूबाईला एवढा निरोप द्या. रेघ पुसलीय, खाली लेकरू निजतंय. गेरू घेऊन लवकर ये म्हणावं.