तळ्यावरचा विनंती थांबा

सन एकोणीसशे ब्याण्णव. त्या वर्षी घरात पहिल्यांदा फोन आला, गच्चीवरची टाकी दोनदा फुटली आणि कंट्रोलर निवृत्त झाले.

कंट्रोलर म्हणजे शिवणबाईंचे यजमान. चौतीस वर्षं त्यांनी बसच्या आगारात वेळापत्रकं बसवली. कोणती गाडी किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, ड्रायव्हरनं चहा कुठे प्यायचा, हे सगळं त्यांच्या लाल-निळ्या पेन्सिलीतून निघायचं. घरातसुद्धा ते आंघोळीला जात नसत, सहा दहाला सुटत. उशीर झाला तर कारण सांगत. शिवणबाईंना या सगळ्याची इतकी सवय झाली होती, की दूध उतू गेलं तर त्याही 'दूध वेळेआधी सुटलं' असं म्हणत.

त्या स्वतः पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवत. गावातल्या निम्म्या मुलींना काजं करायला त्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे त्यांचं नाव कुणी विचारतच नसे. त्या वर्गाच्या भिंतीवर दोऱ्याच्या कंपनीचं एक कॅलेंडर होतं. त्यावरचं वर्ष उलटून चौदा वर्षं झाली होती, तरी ते खाली उतरलं नव्हतं, ते त्यावरच्या चित्रामुळे. परदेशातलं कुठलंसं तळं, काठाला एक हिरवं बाक, आणि बाकावर कुणीच नाही. मुलींच्या वाकड्या टिपा उसवता उसवता बाईंची नजर त्या बाकावर जाऊन बसायची. त्यांना तळ्यात होडी नको होती, काठावर फोटो नको होता. तासभर बसायचं, हातात काम न घेता, एवढंच. पण हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. त्या घरात तासभर काही न करता बसायचं म्हणजे घरच्यांनी आधी कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

निवृत्तीच्या दिवशी आगारातल्या लोकांनी कंट्रोलरांना एक पाकीट दिलं. त्याच आठवड्यात जावई बातमी घेऊन आले, की हंगाम नसल्यामुळे परदेशाची विमानं स्वस्त झाली आहेत. जावयांचं औषधांचं दुकान होतं, आणि स्वभाव असा, की समोरचा जे म्हणेल ते त्यांना अगदी पटायचं. कंट्रोलर म्हणाले, जाऊ या. जावई म्हणाले, बरोबर आहे. कंट्रोलर म्हणाले, पण पाकिटाबाहेर एक पैसा जाणार नाही. जावई म्हणाले, हेही बरोबर आहे.

जाणारी माणसं तीन ठरली. कंट्रोलर, शिवणबाई आणि वन्सं. वन्सं म्हणजे कंट्रोलरांच्या थोरल्या बहीण. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण बेत ठरला त्या संध्याकाळी त्या बॅग घेऊनच आल्या. जाण्याला दोन महिने होते. बॅग मात्र तेव्हापासून दारातच होती आणि सगळे तिला अडखळत.

बेत असा ठरला: सहा दिवस, दोन देश, चार गावं. गावांची नावं कुणालाच धड म्हणता येईनात, म्हणून घरात त्यांना घरचीच नावं पडली. पहिलं विमानाचं गाव. दुसरं घड्याळाचं, तिथल्या मनोऱ्यावर दुपारी बाराला लाकडी बाहुल्या बाहेर येऊन नाचतात, आणि त्या बघितल्याशिवाय आपण डोळे मिटणार नाही असं वन्संनी जाहीर केलं होतं. तिसरं गाव कंट्रोलरांचं. तिथे छत्तीस फलाटांचं बसस्थानक होतं. चौथ्या गावाचं विचारल्यावर शिवणबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांनी कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, चित्राखाली छापलेल्या गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे तासभर बसायचंय."

"बसून काय करायचं?" कंट्रोलरांनी विचारलं.

"बसायचं."

कंट्रोलरांनी थोडा वेळ चित्राकडे पाहिलं, मग पेन्सिलीला टोक काढलं.

त्यानंतर जेवणाचं टेबल त्यांच्या ताब्यात गेलं. बाकीचे ताटं मांडीवर घेऊन जेवू लागले. टेबलावर एवढा मोठा तक्ता पसरला होता, की त्याची एक बाजू गुंडाळून मिठाच्या बरणीखाली ठेवावी लागे. बेत वाढत गेला तसा तळ्याचा वेळ आकसत गेला, सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं तसा. आधी तळ्याला तीन तास होते. मग वन्संनी सांगितलं, की बाहुल्या एकदा नाचून भागायचं नाही, समोर एखादा उंच माणूस उभा राहिला तर काय, म्हणून दुसऱ्या दिवसाचे बाराही पाहिजेत. तळं दीड तासावर आलं. मग कंट्रोलरांच्या लक्षात आलं, की छत्तीस फलाट साडेतीन तासांखाली नीट बघून होत नाहीत. तळं अकरा मिनिटांवर आलं. शिवणबाई रोज सकाळी झाडू मारता मारता तक्त्याकडे बघून जायच्या. एका सकाळी अकरा मिनिटंही खोडलेली होती, आणि तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: विनंती थांबा.

बसच्या भाषेत याचा अर्थ असा, की गाडी तिथे आपणहून थांबत नाही. कुणी हात दाखवला तरच थांबते.

त्या दिवशी वर्गातल्या एका मुलीची टीप शिवणबाईंनी चार वेळा उसवायला लावली, आणि ती टीप सरळ होती.

निघायच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी, कंट्रोलरांनी रंगीत तालीम जाहीर केली. नवीन मार्ग सुरू करण्याआधी रिकामी गाडी फिरवून बघायची, ही आगाराची पद्धत. पुढच्या खोलीतला सोफा म्हणजे विमानाचं गाव. स्वयंपाकघर म्हणजे घड्याळाचं. मधला बोळ म्हणजे देशाची सीमा. आतली खोली छत्तीस फलाटांची. मागची गॅलरी म्हणजे तळं. तिथे एक बाक होतंच, आणि तळं म्हणून कपडे भिजवायचा टब होता. सामान खरं, भरलेलं घ्यायचं. बूट घालायचे. जावयांना सीमेवर शिलाई मशीनमागे बसवलं होतं, आणि शिक्का म्हणून ते दुकानातला आपला शिक्का घेऊन आले होते. त्यामुळे प्रत्येकाच्या कागदावर सीमा ओलांडताना 'जेवणानंतर, दोन वेळा' असा छाप बसत होता.

बरोबर आठला कंट्रोलरांनी शिट्टी फुंकली आणि गाडी सुटली.

पहिला दिवस चांगला गेला. सोफ्यावरून निघून मंडळी स्वयंपाकघरात आली. बारा वाजले असं समजून कंट्रोलरांनी दोन चमचे एकमेकांवर वाजवून नाचवले, वन्सं समाधान पावल्या, आणि सगळे परत सोफ्यावर आले. दुसऱ्या दिवशी सोफ्यावरून परत स्वयंपाकघर, आणि परत सोफा. तिसऱ्या दिवशी सोफ्यावरून सीमा, सीमेवरून छत्तीस फलाट, तिथून सीमा, सीमेवरून सोफा. वन्संना धाप लागली. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अरे, हे पहिलं गाव किती वेळा बघायचं? या सोफ्याची स्प्रिंग आता मला नावानं ओळखते."

कंट्रोलर म्हणाले, ताई, वेळ मोडू नका.

तेवढ्यात सीमेवरचे अधिकारी पाणी प्यायला उठले आणि दोन पावलांवर आडवे झाले. त्यांच्या पायात दोरा अडकला होता. झालं होतं असं, की शिवणबाईंच्या पिशवीतून लाल दोऱ्याचं रीळ घरंगळून सोफ्याच्या पायाशी पडलं होतं, आणि दोऱ्याचं टोक पिशवीच्या बक्कलात अडकून बाईंच्या मागोमाग घरभर हिंडत होतं. जावई उठून बसले आणि म्हणाले, काही लागलं नाही, दोऱ्याचंही बरोबर आहे.

सगळे दोरा सोडवायला वाकले. शिवणबाई मात्र वाकल्या नाहीत. त्या जमिनीकडे बघत राहिल्या. दोरा सोफ्यापासून स्वयंपाकघरात, परत सोफ्याला, परत स्वयंपाकघरात, परत सोफ्याला, सीमेवरून आतल्या खोलीत, आणि परत सोफ्याला. सोफ्याच्या पायाशी दोऱ्यांचा झुपका झाला होता, आणि आतल्या खोलीत दोऱ्याची एकच फेरी गेली होती. अशा कामावर त्यांनी मुलीला एका नजरेत पकडलं असतं.

"ही उलटी टीप आहे," त्या म्हणाल्या. "दर टाक्याला मागे. पुढे जायचं तर धावदोरा घालायला हवा होता. अहो, आपण रोज रात्री पहिल्या गावात का येतोय?"

कंट्रोलरांना प्रश्नच कळला नाही. "गाडी रात्री आगारात येते," ते म्हणाले.

"आपण गाडी आहोत का?"

जावयांना पहिल्यांदाच काय बरोबर आहे ते कळेना. कंट्रोलर टेबलापाशी गेले, मिठाची बरणी उचलली आणि तक्ता उलगडला. चौतीस वर्षं प्रत्येक फेरीच्या शेवटी त्यांच्या हातानं 'परत, आगार' असं आपणहून लिहिलं होतं, आणि इथेही पाचही रात्री तेच लिहिलं होतं. ज्या गावी सकाळी दोन तास घालवून जायचं, तिथून संध्याकाळी दोन तास घालवून परत. आणि सकाळी पुन्हा त्याच वाटेनं. शेजारी बसभाडं लिहिलेलं होतं. त्यांनी एकेक 'परत' खोडायला सुरुवात केली, आणि त्यांचे कान लाल होत गेले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, की वेळ सुटतोय. मग म्हणाले, पैसेही सुटतायत.

वन्संनी विचारलं, की मग तो सुटलेला वेळ कुणाला. कंट्रोलरांनी सांगितलं, की तो गाडी बिघडली तर हाताशी म्हणून राखून ठेवायचा. आगारात तसंच करतात. आणि शिट्टी उचलून म्हणाले, चौथा दिवस.

दिवस पुढे सरकला. नव्या तक्त्याप्रमाणे मंडळी छत्तीस फलाटांवरून थेट मागच्या बाजूला निघाली. पुढे कंट्रोलर, मागे वन्सं, शेवटी शिवणबाई. गॅलरीच्या दारातून जाताना कंट्रोलरांनी मान न वळवता वाचून दाखवलं, तळं, विनंती थांबा, कुणी नाही, पुढे.

शिवणबाईंनी हात वर केला.

सरळ, खांद्यापासून, बोटं जुळवून, रस्त्याच्या कडेला उभं राहून करतात तसा. जन्मात त्यांनी यजमानांना हात दाखवून थांबवलं नव्हतं. कंट्रोलर थांबले. हात दाखवणाऱ्या उतारूला सोडून गाडी पुढे नेली म्हणून त्यांनी किती ड्रायव्हरांना उभं करून झापलं होतं, ते त्या घरातल्या भिंतींनाही पाठ होतं.

शिवणबाईंनी बॅग ठेवली आणि बाकावर बसल्या. समोर टबात एक सदरा भिजत पडला होता. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

अकरा मिनिटांनी कंट्रोलरांनी घड्याळ दाखवलं.

"तुम्ही व्हा पुढे," शिवणबाई म्हणाल्या. "मी मागच्या गाडीनं येते."

"मागची गाडी नाही."

"मग हीच थांबेल."

वन्सं आतून म्हणाल्या, की आपण तरी हलत नाही, आपले पाय विमानाच्या गावातच राहिलेत. कंट्रोलर शिट्टी तोंडात धरून दारात उभे होते. ती त्यांनी फुंकली नाही. एकदा तक्त्याकडे, एकदा टबाकडे बघून ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आधी टोकावरच, सुटायच्या तयारीत. पाच मिनिटांनी पाठ टेकली. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "तू चौदा वर्षं हेच बघत होतीस?"

"हो."

"आणि विनंती केली नाहीस."

"आत्ता केली ना."

त्यांनी पेन्सिल काढली, बारीक अक्षर खोडलं, आणि तळ्यापुढे मोठ्या अक्षरात लिहिलं: मुक्काम.

तीन आठवड्यांनी ती मंडळी गेली, आणि पाकिटात काही नाणी उरवून परतली. घड्याळाच्या मनोऱ्याला डागडुजीसाठी कापड गुंडाळलं होतं. वन्सं दोन्ही दिवस बाराला त्या कापडासमोर उभ्या राहिल्या, आतून खडखड ऐकली, आणि पुढे एक्क्याण्णव वर्षांच्या होऊन जाईपर्यंत त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला बाहुल्यांचं नाचणं करून दाखवलं. दरवेळी बाहुल्या वाढत गेल्या. शेवटी शेवटी तर एक घोडाही होता. कंट्रोलरांनी छत्तीस फलाट चाळीस मिनिटांत आटोपले, कारण नवव्या फलाटावरची गाडी चार मिनिटं उशिरा सुटलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि त्यांना आणखी काही बघायचं उरलं नव्हतं. जावयांनी शिक्के मारलेले ते कागद जपून ठेवले. त्यांचं दुकान पुढे मोठं झालं, दोन माणसं कामाला आली, आणि तीही म्हणे मालकांसारखीच सगळ्याला बरोबर म्हणतात.

तळ्यावरच्या बाकाला नुकताच रंग दिलेला होता. पाटी होती, पण ती कुणाला वाचता आली नाही. तासभर बसून उठले, तेव्हा दोघांच्याही कोटांच्या पाठीवर हिरवे पट्टे उमटले होते. शिवणबाईंच्या हाताखालून कुठलाच डाग कधी सुटला नव्हता, पण या पट्ट्यांना त्यांनी हात लावला नाही. कंट्रोलर त्यानंतर रोज संध्याकाळी गॅलरीत तासभर बसायचे. वेळ लिहीत नसत. अकरा वर्षं बसले. ते गेल्यावर बाईंनी त्यांचे बाकीचे कपडे वाटून टाकले, आणि कॅलेंडर उतरवल्यापासून रिकाम्या राहिलेल्या खिळ्याला तो कोट पाठ पुढे करून अडकवला.

वर्ग अजून चालतो. नवीन मुलगी आली, की हमखास विचारते, बाई, हा डाग कशानं जाईल. बाई चष्मा वर करून आधी कोटाकडे बघतात, मग मुलीच्या हातातल्या कापडाकडे, आणि सांगतात की तू तुझ्या टिपेकडे बघ.