एका वेलांटीची गोष्ट

टिवलीने आईच्या डब्यात दोन चमचे चूर्ण ठेवलं आणि तिला बजावलं, "दुपारचं विसरायचं नाही हं!"

"नाही हो डॉक्टरीणबाई," आई हसली.

आई शाळेची बस चालवायची. गेले सहा महिने पाळीचा काही नेम नव्हता, अंगातून वाफा निघायच्या, जरा काही झालं की छाती धडधडायची. मग जडीबुटीवाल्या मावशीने शतावरी आणि जटामांसीचं चूर्ण दिलं. पुडीवर लिहिलं होतं, '२ च., दोन वेळा'. दोन चमचे! आठ दिवसांत आई अशी काही शांत झाली की टिवलीने वर्गभर मिरवून घेतलं. शुद्धलेखनात पहिली येणारी मुलगी आता वैद्यकीतही पहिली!

शाळा सुटली. पोरं बसमध्ये बसली, इंजिन सुरू झालं, पण बस काही हलेना.

"काकू, चला की!" मागून आरोळी आली.

टिवली पुढे गेली. आईचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं.

"आई! आई गं!"

"कुकर बंद कर," आई डोळे न उघडता पुटपुटली.

टिवलीने किल्ली फिरवून ओढून काढली आणि आईच्या मोबाइलवरून मावशीला फोन लावला. "मावशी, दोन चमचेच ना?"

"चमचे? अगं माझे बाई, चिमूट! 'चि' लिहिलंय मी! झोप येते त्याने!"

टिवलीने दप्तरातून पुडी काढली. स्टेपलरची पिन नखाने उचकटली. पिनेखाली दुमडलेल्या कागदात वेलांटी होती. केवढीशी!

तिने आईला सगळं सांगून टाकलं. आता आई चांगलीच जागी झाली होती.

"किती दिवस देतेयस?"

"आठ."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आरशात बघत राहिली. आरशात एकतीस डोकी होती. खिदळणारी, एकमेकांच्या वेण्या ओढणारी.

"काल त्या उतारावर," आई हळूच म्हणाली, "मला वाटलं, पापणीच लवली माझी."

मग तिने ऑफिसला फोन लावला. "दुसरा ड्रायव्हर पाठवा. मी आज गाडी चालवणार नाही. मी आधी डॉक्टरकडे जातेय."

टिवलीची मूठ काही उघडेना. आईने तिचं एकेक बोट सोडवलं, तेव्हा तळहातावर किल्लीचे दाते उमटलेले होते.