शिडीचा कोट बुटकीच्या घरी

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे आणि सध्या मला अंगात घालणारं कुणी नाही. रंग राखाडी, सहाच्या सहा बटणं शाबूत, अस्तर एका जागीही विटलेलं नाही. तरीही कुणी हात लावत नाही. कोटाने तक्रार करू नये हे मला कळतं, पण मनात ठेवून जीव गुदमरतो, म्हणून सांगतो.

मी खास मापावर शिवलेला आहे. टपाल कचेरीत पत्रं निवडणारी एक बाई होती. अंगाने भरलेली आणि उंच, इतकी की वरच्या कप्प्यातलं काही काढायचं असलं की सगळे तिलाच हाक मारत. तिचं नावच 'शिडी' पडलं होतं. तयार कपड्यांत तिचं माप मिळेना, म्हणून तिने मला शिवून घेतलं. अकरा हिवाळे मी तिच्या अंगावर काढले. कचेरीत शिरताना लोक आधी मला बघत आणि मग तिला, याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू?

तिच्या शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण बसे. ती शिडीच्या खांद्याला कशीबशी लागायची, म्हणून ती 'बुटकी'. डबा एक, भांडणं रोजची, आणि एकीला ठेच लागली की दुसरी कळवळणार.

मग शिडीला दुखणं लागलं. नाव घेताना लोक आवाज खाली आणतात, तसलं. सहा महिन्यांत तिची पार काडी झाली. मी तिच्या अंगावर पोत्यासारखा लोंबू लागलो.

कचेरीत दर वर्षी थंडीच्या तोंडाला कपड्यांची अदलाबदल व्हायची. जेवणाच्या खोलीतली टेबलं जोडायची, आपला एक कपडा ठेवायचा आणि दुसऱ्याचा एक उचलायचा. पैसा न खर्चता सगळ्यांचं कपाट नवं. नियम एकच होता, दिलेलं परत मागायचं नाही. त्या वर्षी शिडीने मला टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा मात्र मी परत मागणार हं. अंग भरलं की लगेच. तोवर खुंटीवर लटकून माझ्याकडे बघत बसण्यापेक्षा कुणालातरी ऊब देऊ दे याला."

कुणी पुढे येईना. शेवटी बुटकीने मला उचललं. "मी सांभाळते. टाकासुद्धा घालणार नाही," ती म्हणाली. शिडीने तिचा बिनबाह्यांचा निळा स्वेटर घेतला.

बुटकीच्या अंगावर मी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बाह्या दोनदा दुमडायच्या, तरी त्या घसरून बोटांवर यायच्या. कचेरीत हशा व्हायचा, "अगं, कोट तुला घालतोय की तू कोटाला?" ती हसून सोडून द्यायची. पण तिने मला खरंच टाका घातला नाही. हिवाळा संपल्यावर स्वतः ब्रश मारून, कागदात गुंडाळून ठेवलं.

दुसरा हिवाळा आला. एकदा बुटकी कामावर गेल्यावर तिच्या सासूबाई मला घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेल्या. बाई मनाने चांगली. "सुनेला सांगायचं नाही हं," त्या शिंप्याला म्हणाल्या. "वर्षभर बिचारी लोंबत्या बाह्या सावरत फिरतेय. स्वतःसाठी काही करून घेणार नाही ती." शिंप्याने माझ्या बाह्या चार बोटं कापल्या, दोन्ही बगलांखालच्या शिवणी आत घेऊन मला अंगात अरुंद केलं आणि जाड कापड टोचतं म्हणून उरलेलं छाटून टाकलं. मी ओरडू शकलो असतो तर मित्रांनो, सगळा रस्ता गोळा केला असता.

संध्याकाळी बुटकीने मला पाहिलं. तशीच मला घेऊन दुकानात धावली. "कापलेली बाही वाढते होय कुठे, ताई?" शिंपी म्हणाला. चूक त्याचीही नव्हती. शिडीला सांगायचं म्हणून ती तीन वेळा तिच्या दारापर्यंत गेली आणि घंटी न वाजवता परतली.

चौथ्या दिवशी शिडीचाच फोन आला. "दोन किलो वाढले गं! माझा कोट घेऊन ये."

बुटकी मला घेऊन गेली. शिडीने मला ओढूनच घेतलं, अंगात चढवलं आणि एकेक करून बटणं लावली. मी तिला अगदी अंगासरसा बसलो. ती आरशासमोर गेली. "बसला! बघ, बसला! म्हटलं नव्हतं मी?" वर्षभरात असा चेहरा तिचा कुणी पाहिला नसेल. तेवढा एक क्षण मला वाटलं, बरंच झालं की.

मग कॉलर नीट करायला तिने हात वर केले. दोन्ही मनगटं उघडी पडली. ती थांबली. माझ्या बाहीचा काठ तिने उलटून बघितला, मग बगलेखालची आत घेतलेली नवी शिवण चाचपली.

"सासूबाईंनी केलं गं," बुटकी रडायलाच लागली. "मला न विचारता. त्यांना काही ठाऊकच नव्हतं."

"हा मी परत घेणार आहे, हे तू घरी सांगितलं नव्हतंस?"

शिडीने मला काढलं, सगळी बटणं लावून घडी घातली आणि तिच्या हातात दिलं. "राहू दे. तुला छान होईल आता."

बुटकीने मला जपलं यात शंका नाही. पण त्या घरात वर्षभरात एकदाही तिने म्हटलं नव्हतं, की हा कोट शिडीला परत द्यायचाय. म्हटलं असतं तर कुणीतरी पुढे विचारलं असतं, कधी? त्याचं उत्तर तिला द्यायचं नव्हतं.

त्यानंतर शिडीने वजन केलं नाही. ताट आलं तसं परत जाऊ लागलं. थंडी सरायच्या आत ती गेली. पुढच्या अदलाबदलीला बुटकीने मला टेबलावर ठेवलं. लोक मला वळसा घालून पलीकडचे कपडे उचलत होते. तेव्हापासून मी त्याच खोलीतल्या कपाटात पडून आहे.

मित्रांनो, कपडे जरूर बदला, द्या, घ्या. पण कुणी 'परत घेईन' म्हणून काही दिलं, तर ते आपल्या घरीही बोलून ठेवा. जीभ जड झाली तरी बोला. डॉक्टर म्हणाले, शिडी तशीही गेली असती. असेलही. पण ती माझी वाट बघत गेली असती.